चांगल्या सहलीसाठी राखून ठेवलेला बूट

मी एक जुना बूट आहे, डोंगरात चालायचा. खरे तर आम्ही दोघे आहोत, पण डावा पहिल्यापासून घुमा, त्यामुळे बोलायचे काम माझ्याच गळ्यात पडले आहे. मित्रांनो, मी आता फार थकलो आहे, तेव्हा सावकाश ऐका.

एका कारखान्यात जाड चामड्याला हलका, मऊ तळ चिकटवून मला घडवले. बेकरीत काम करणाऱ्या एका तरुण बाईने मला विकत घेतले. ती आठवडाभर भट्टीसमोर उभी राहून पाव भाजायची आणि सुट्टी मिळाली की मला चढवून डोंगर गाठायची. चिखल, दगड, ओढे, आम्ही काही म्हणता काही सोडले नाही. "असे बूट पुन्हा मिळायचे नाहीत," असे ती भेटेल त्याला सांगायची. ऐकून माझी छाती फुगायची.

पण ते कौतुकच माझ्या मुळावर आले. तिला मुलगी झाली, डोंगर मागे पडले. तिने मला तेल लावून प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळले आणि कपाटावर ठेवले. अधूनमधून खाली काढायची, पुसायची, पुन्हा गुंडाळायची. मुलीने कधी मागितले तर म्हणायची, "हात लावू नकोस. चांगल्या सहलीसाठी ठेवलेत." रोजच्या पायपिटीला ती आपली स्वस्तातले बूट घालायची. ती चांगली सहल काही येईना. कोंदट पिशवीत माझा तळ आतून भुसभुशीत होत गेला. वरून मी चकचकीत होतो, त्यामुळे कोणाला संशयही आला नाही.

मुलगी मोठी झाली आणि आईचे गुडघे कामातून गेले. डॉक्टरांनी चढणे कायमचे बंद करायला सांगितले. आई म्हणाली, "एकदा शेवटचं वर जाऊन येते, मग म्हणाल ते ऐकते." मायलेकींनी डोंगराच्या कुशीत, ओढ्याकाठी, तंबू ठोकला. पहाटे दोघी आंबलेल्या अंगाने उठल्या. आईने मला घातले. इतक्या वर्षांनी तिचा पाय आत आला, पण मला आनंदापेक्षा भीतीच जास्त वाटली.

पहिल्याच चढावर माझा तळ सुटला. थोड्याच अंतरावर डाव्यानेही मान टाकली. आई एका दगडावर बसली. हातातला तळाचा तुकडा तिने दाबून पाहिला, तर त्याचा भुगा झाला.

"इतकं जपलं गं मी," ती रडवेली होऊन म्हणाली. "चल, परत जाऊ."

"परत कशाला?" मुलगी स्वतःचे बूट काढू लागली. "हे घाल. माप एकच आहे आपलं."

"आणि तू?"

"मी तुझे घालते. आता तरी हात लावू देशील ना?"

आईला रडता रडता हसू आले. मुलीने पाठीवरच्या पिशवीतून तंबूची दोरी काढून आम्हा दोघांचे तळ आमच्याच अंगाला करकचून बांधले. ती गाठी मारत असतानाच सूर्य उगवला. कोणाचे लक्षही गेले नाही. दोरी सारखी सरकायची, मुलगी वाकून ती पुन्हा आवळायची. पुढे आई काठी टेकत, थांबत, कण्हत चालली होती. आजवर मी तिच्या पायाखालीच राहिलो होतो. मागून पाहिले तेव्हा कुठे कळले, तिची चाल किती म्हातारी झाली आहे.

वर पोचलो तेव्हा ऊन चांगलेच तापले होते. आईने समोरच्या डोंगररांगा डोळे भरून पाहिल्या. मग मुलीचे पाय मांडीवर घेऊन दोरी सोडली आणि मला थोपटले.

"दमलात रे बाबांनो," ती म्हणाली. नंतर मुलीकडे वळली. "आपण दर वर्षी यायला हवं होतं गं."



मित्रांनो, माझा तळ दुरुस्त होईल की नाही, मला ठाऊक नाही. आता तेवढी उमेदही उरलेली नाही. झिजलो असतो तर वाईट वाटले नसते, पण मी पडून पडून मोडलो. तुमच्या कपाटावर माझ्यासारखे कोणी गुंडाळून ठेवलेले असेल, तर कृपा करून आजच खाली काढा. आणि घरात कोणाचे गुडघे अजून धड असतील, तर त्यांनाही बरोबर घेऊन जा.