बेल न वाजवणाऱ्या बाई

"उठायचं असलं की आधी बेल," सिस्टर म्हणाली. "शपथ घ्या बघू."

"अगं, हीच शपथ जन्मभर लोकांना घालत आले मी." बाई निवृत्त नर्स. ताप उतरला होता, उद्या घरी. व्हीलचेअर नको, आपल्या पायांनी दारातून बाहेर पडायचं, एवढा एकच हट्ट. "आणि तू इतकी पळू नकोस. नर्स पळाली की पेशंटला वाटतं, गेलं कुणीतरी."

सिस्टर हसली. "पळू नको तर काय करू? दुसऱ्या सिस्टरला खालच्या वॉर्डात नेलंय. सगळा वॉर्ड माझ्या एकटीच्या

बेल.

गळ्यात," हे ती जाता जाता म्हणाली.

दुपारी टोकाच्या खाटेवरच्या आजोबांना रक्ताची उलटी झाली. सिस्टर त्यांना कुशीवर धरून डॉक्टरांना हाका मारत होती. दोन्ही हात अडकलेले. आणि इकडे बाईंच्या शेजारच्या काकूंची

बेल.

बेल.

"बाई, आता मात्र दम निघत नाही हो," पडद्याआडून काकू रडवेल्या झाल्या. "येतंय का कुणी?"

बाईंनी टोकाकडे पाहिलं. आपलीही बेल दाबता आली असती. पण हात अडकलेले असताना आणखी एक बेल वाजली की नर्सचं काय होतं, ते त्यांना ठाऊक होतं.

"आले हं," बाई म्हणाल्या. कितीतरी वर्षांनी. वाकून खाटेखालचं बेडपॅन उचललं, आणि

पडताना कुणी पाहिलं नाही. काकूंना नुसतं ऐकू आलं. आधी भांडं, मग बाई.

संध्याकाळी बाईंची लेक आली. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन करावं लागेल. चालण्याचं, डॉक्टर म्हणाले, पुढे बघू.

"तुम्ही कुठे होतात?" लेकीने सिस्टरला विचारलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"तिला बोलू नकोस," बाई म्हणाल्या. "एकटी होती ती."

"आणि तू, आई? तुझ्याजवळ कोण होतं?"

बाई सिस्टरला म्हणाल्या, "काकूंना मिळालं का गं बेडपॅन?"

सिस्टरने खोटं बोलायचा विचार केला. "नाही. चादर बदलली."

बाईंनी डोळे मिटले. लेकीने उद्यासाठी आणलेल्या चपला पिशवीतून काढल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवशीही सिस्टर एकटीच. बेल आता बाईंच्या हातालाच बांधलेली.

"वाजवाल ना? खरंच?"

"वाजवीन गं बाई."

घसा कोरडा पडला होता. पाण्याचा ग्लास हाताला येत नव्हता. टोकाकडून सिस्टरची पळती पावलं ऐकू येत होती. बाईंनी बेलवर अंगठा ठेवला, आणि न दाबता तसाच राहू दिला.