धुरपदाबाईंची प्रार्थना

बेंबळीतल्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत धुरपदाबाई प्रार्थना करतात ती ओवीच्या चालीवर. कडवं संपलं की सगळे ‘आमेन’ म्हणतात. जिभेला सवयच लागली आहे. त्या रविवारी डोळे मिटून त्या म्हणाल्या,

‘येशुराया, तुझी लेक, आमची ही दैवशाला,
सासऱ्याला टाकून बोले, सुबुद्धी दे रे तिला.’

‘आमेन,’ सगळे म्हणाले. मी इथला पाळक, मीही म्हणालो. डोळे उघडले तर दैवशाला पदर सावरत बाहेर निघाली होती. मंडळीत येऊन तिला चारच महिने झाले होते. आता परत येते की नाही, हीच धास्ती मला लागली.

दुपारी मी धुरपदाबाईंकडे गेलो.

‘मावशी, कुणाचं चुकलं तर आधी एकट्यानं जाऊन त्याला सांगावं, असं प्रभूनं सांगितलंय. तुम्ही चारचौघांत तिचं नाव घेतलंत.’

‘म्या तिला कुठं बोलले? म्या देवाला बोलले.’

‘देवाला ठाव नव्हतं व्हय?’

तूर पाखडता पाखडता त्यांचं सूप थांबलं. ‘आन् तू रं? तू आमेन का म्हणलास?’

मी उठलो. ‘चला, दोघं जाऊन माफी मागू.’

‘दोघं गेलो की पुन्हा पंचायतच बसली. तुझं तू बोलून ये. माझं म्या उद्या बोलते.’

दैवशाला अंगणात धुणं वाळत घालत होती. ‘या’ म्हणाली नाही.

‘बाई, मी आमेन म्हणालो. चुकलो.’

तिनं लुगडं झटकलं. ‘मावशी खोटं न्हाय बोलल्या. मामा एकच गोष्ट धा येळा इचारतेत, माझं तोंड सुटतं. पण मला येऊन सांगायचं की! तुमी समद्यांनी आमेन म्हणलं, जसा काय निकालच लागला.’

‘मग आता सांगू?’

‘सांगा.’

तिच्या डोळ्यांत बघून बोलणं जड गेलं. ‘त्यांच्या ध्यानात राहत नाही, बाई. त्यांच्यावर ओरडू नका. लई झालं तर घटकाभर बाहेर येऊन उभं राहा.’

तेवढ्यात आतून सासऱ्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, ‘कोण आलंय गं?’

‘पाळकसाहेब, मामा.’ आवाज करडाच होता, पण ओरडली नाही. मग मला म्हणाली, ‘मावशीला म्हणावं, एकट्याच या.’

‘आणि रविवारी तुम्ही?’

‘त्या येऊन जाऊ द्या. मग बघू.’