उशिरा हसणारा सरदार

मित्रांनो, मी दोनदा जन्मलो. पहिल्या जन्मी मी धोटा होतो. यंत्रमागावर, म्हणजे लूमवर, उभ्या धाग्यांमधून आडवा धागा घेऊन धावणारा लाकडी धोटा तुम्ही पाहिला नसेल, तर भिवंडीत कुणालाही विचारा. टेमघरला मुनीरभाईंच्या कारखान्यात मी दिवसपाळीत धावलो, रातपाळीत धावलो. मग माझी कड चिरली. चिरलेला धोटा सूत तोडतो, म्हणून तो चुलीत जातो. मीही गेलो असतो, पण मुनीरभाईंनी मला उचलून खिशात टाकलं आणि घरी नेऊन चाकूनं कोरायला घेतलं.

त्यांनी माझ्यातून एक सरदार काढला. माझं लोखंडी टोक त्याचं शिरस्त्राण झालं. सुताची कांडी बसायची ती पोकळी त्याच्या झग्याची घडी झाली. पुढे मला पुष्कळांनी हातात घेऊन पाहिलं, पण हा जुना धोटा आहे हे सांगितल्याशिवाय कुणाला कळलं नाही.

मुनीरभाईंना एक खेळ आवडायचा. एकानं एक काल्पनिक राज्य सांगायचं आणि बाकीच्यांनी त्यातली एकेक व्यक्ती व्हायचं. कुणी शिपाई, कुणी वैद्य; प्रत्येकाची एक सोंगटी मधे मांडलेली. प्रसंग आला की प्रत्येकानं आपण काय करतो ते सांगायचं, आणि जमेल की फसेल ते वीस बाजूंच्या फाशावर ठरायचं. राज्य मुनीरभाईंचं होतं, त्याचं नाव मीरगड. खेळायला त्यांची मुलगी जोहा आणि तिचे कॉलेजपासूनचे मित्र, कशेळीचा प्रितेश आणि शेलारची मृणाली. खेळ शुक्रवारी, कारण त्या दिवशी लूम बंद असतात. इतर दिवशी कारखान्याला लागून असलेल्या त्या घरात सगळे ओरडूनच बोलायचे आणि निम्मं बोलणं हातांनी व्हायचं.

मीरगडात मी होतो सरदार झरतान, आणि माझ्यावर कुणाचाच विश्वास नव्हता. मुनीरभाईंनी मला तसंच घडवलं होतं. झरतान कुणाला आपल्या डाव्या बाजूला उभं राहू देत नसे. प्रश्न विचारला की थोडं थांबून उत्तर देई. भर दरबारात विनोद झाला, तर सगळ्यांचं हसून झाल्यावर हसे.

"उशिरा हसतो म्हणजे मनात काहीतरी शिजतंय," प्रितेश म्हणायचा. "असला मानूस घातकी हाय."

जोहानं एकदा विचारलंही, "अब्बा, हा खरंच गद्दार आहे का?"

"तुला काय वाटतं?"

"वाटतो तर."

"मग माझं काम झालं," मुनीरभाई म्हणाले. "संशय यायला फार काही लागत नाही, बेटा. माणसाला एक सवय द्यायची आणि तिचं कारण आपल्याजवळ ठेवायचं."

"मला तरी सांगा."

"सरदाराची वेळ आली की सांगेन."

मित्रांनो, मुनीरभाई काही लिहून ठेवत नसत. लूमच्या खडखडाटात उभे राहून, ओठ हलवत, ते माझा भूतकाळ रचायचे. लाकडाच्या एका तुकड्याला आपलं बालपण असावं, दुःख असावं, म्हणून एवढा विचार करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

एका शुक्रवारी त्यांनी मीरगडच्या राजाचा खून घडवला. खालच्या चौकात मेजवानीचे ढोल वाजत होते. राजाच्या दाराबाहेर पहाऱ्यावर झरतान उभा होता. राजानं आतून हाका मारल्या, त्या दूरच्या दासीनं ऐकल्या. झरतान म्हणाला, "मी काही ऐकलं नाही." प्रितेशचा सेनापती लगेच दोर घेऊन उभा राहिला. न्यायनिवाडा पुढच्या शुक्रवारी ठरला.

त्या आठवड्यात मुनीरभाई गेले. कारखान्यातून आले, पाणी मागितलं, आणि पेला हातात येईपर्यंत राहिले नाहीत.

मला कुणीतरी कपाटात ठेवलं. तिथे मी थंडी काढली, उन्हाळाही काढला. माझ्या घडीत धूळ बसली. मी त्याबद्दल तक्रार करत नाही. त्या घरात तेव्हा धूळ पुसण्याचं बळ कुणाकडे नव्हतं.

मग प्रितेश आणि मृणाली आले. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलणं झालं. शेवटी प्रितेश म्हणाला, "जोहा, खेळ अर्धा ऱ्हायलाय. तो तसाच सोडवत न्हाय. राज्य तू सांग, एकदा बसू आणि सरदाराला फाशी देऊन मोकळं होऊ. चाचांनी पण तेच केलं असतं."

"अब्बांनी काय केलं असतं ते मला माहीत नाही," जोहा म्हणाली. "मला शुक्रवारपर्यंत वेळ दे."

अब्बांनी घडवलेला शेवटचा माणूस आपल्या हातून नाहक मरू नये, एवढंच तिला वाटत होतं. पण त्याचं खरं काय, ते सांगणारं कुणी उरलं नव्हतं. मला मुठीत घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. हबीबाबी, तिची अम्मी, भाकऱ्या थापत होत्या.

"अम्मी, या सरदाराबद्दल अब्बा तुझ्याशी कधी बोलले होते?"

"माझ्याशी कुठलं? रात्री मी त्यांच्या डाव्या बाजूला. तिकडून मी काही विचारलं तर त्यांना ऐकू थोडंच येणार."

"म्हणजे?" जोहानं विचारलं.

"डावा कान कधीचाच गेला होता. उजवाही कमी झालेला. लूमवर जन्म काढला, दुसरं काय होणार? तुम्हांला कळू द्यायचं नव्हतं त्यांना. म्हणायचे, पोरांना कळलं तर माझ्याशी ओरडून बोलतील, आणि ओरडून कुणी गोष्ट खेळतं का?" हबीबाबींनी भाकरी उलटली. "शुक्रवारी तुम्हां सगळ्यांना उजवीकडे बसवायचे ना? तुम्ही म्हणायचात खेळाचा नियम आहे."

जोहानं मला ओढणीच्या टोकानं पुसलं. घडीतली धूळही काढली. बराच वेळ पुसत होती.

शुक्रवारी तिनं मला मधोमध ठेवलं आणि निवाडा सुरू केला. तिचा आवाज आधी बारीक होता, मग स्थिरावला. "सरदार नेहमीप्रमाणे उजवा खांदा पुढे करून उभा आहे," ती म्हणाली.

मृणालीची व्यक्ती वैद्य होती. माझ्या त्या खांद्याकडे बघत तिनं आपली सोंगटी माझ्या डावीकडे सरकवली. "मी इथून हळूच म्हणते, झरतान, तुझ्या पायाशी विंचू आहे."

"फासा टाकू?" प्रितेशनं विचारलं.

"गरज नाही," जोहा म्हणाली. "सरदार हलत नाही."

"बघ. विंचवाला पण भ्यायचा न्हाय हा."

मृणालीनं सोंगटी उजवीकडे आणली आणि तेच पुन्हा म्हणाली.

"सरदार टुणकन उडी मारतो. झगा पायात अडकून पडता पडता वाचतो."

प्रितेश मोठ्यानं हसला. हसता हसता थांबला. माझ्याकडे बघितलं, मग मुनीरभाईंच्या रिकाम्या खुर्चीकडे.

"चाचा पण?"

जोहानं होकारार्थी मान हलवली.

"मी त्यांना तोंडातल्या तोंडात किती टोमणे मारले," प्रितेश म्हणाला. "वाटायचं, मोठं मन हाय, ऐकून सोडून देतात."

"मोठं मनही होतंच," मृणाली म्हणाली.

निकाल सेनापतीच्या हातात होता.  प्रितेशनं आपला सेनापती उचलला आणि माझ्या डाव्या खांद्याला लावून ठेवला. "फाशी न्हाय. पहारा त्याचाच. या बाजूचं ऐकायला मी हाय." आणि नाक ओढून म्हणाला, "पन मग राजाला मारलं कुणी?"

"ते अब्बांनी सांगितलेलं नाही," जोहा म्हणाली. "आता मला रचावं लागेल." तिचे ओठ हलायला लागलेही होते.

मित्रांनो, मला जपा असं मी सांगणार नाही. मी लाकूड आहे, आणखी एखादी चीर सोसेन. पण तुमच्या घरात कुणी उत्तर द्यायला वेळ लावत असेल, तर मनात काही धरण्याआधी त्यांच्या समोर जाऊन बसा आणि विचारा, तुम्हांला नीट ऐकू येतं ना? ते म्हणतील, "येतं की." तेवढ्यावर उठू नका. पुन्हा विचारा.