पनीरच्या पाण्यावरची हिरवळ

धम्मशीलानं सकाळी टाक्यावरची जाळी उचलली आणि तिचं डोकंच फिरलं. काल संध्याकाळपर्यंत गर्द हिरवं असलेलं पाणी पिवळं पडलं होतं. वर फेस, आणि असा आंबूस वास की डोळ्यांत पाणी यावं.

"अहो, इकडे या!"

धम्मरत्न हात पुसत आला. जळगाव जामोदजवळच्या त्या गावात घराच्या मागेच त्याचा पनीरचा धंदा होता. दूध फाडून उरलेलं पाणी वर्षानुवर्षं नालीत जायचं, नाली घाण मारायची आणि शेजारचे पुंजाजी भांडायला यायचे. त्यावर शीलानंच तोड काढली. कॉलेजात शिकलेलं विज्ञान कधी कामी यायचं? ते पाणी आधी गोबरगॅसमध्ये कुजवायचं, गाळून, निवळून थोडंथोडं उथळ टाक्यात सोडायचं आणि त्यावर स्पिरुलिना, म्हणजे खाता येणारं पौष्टिक शेवाळ, वाढवायची. विकतचं खत जवळपास लागत नाही, आणि हिरवं काढून घेतलं की उरलेलं पाणी मेथीच्या वाफ्याला चालतं. घरच्यांचं काम एवढंच, की टाक्याला हात लावायचा नाही. नेमकं तेवढंच कोणाला जमत नव्हतं.

"काल यात काय टाकलं?"

"लग्नाची ऑर्डर होती. गोबरगॅस भरला, मंग उरलेलं यातच..."

"कच्चं पाणी?"

"दुधाचंच तं होतं. मले वाटलं, जोमानं वाढीन."

"आंबट असते ते! किती डाव सांगतलं तुमाले!"

आवाज ऐकून सासूबाई, तानाबाई, काथ्या घेऊनच आल्या. "काऊन भांडून राह्यले? शेवाळच तं होतं. देऊ काय टाकं घासून?"

"आई, तुमी मागं पाहुणे येणार म्हणून ब्लिचिंग टाकून घासलं, ते पुरे नाई झालं काय?"

तानाबाई फणकाऱ्यानं आत गेल्या. शीला टाक्याच्या कठड्यावर बसून राहिली. सगळं सोडून द्यावं असं तिला वाटलं. पण खिडकीतल्या बरणीत तिनं त्या शेवाळाचं थोडं बियाणं राखून ठेवलं होतं. दुपारी तिनं टाकं उपसलं, नव्यानं भरलं, त्यात ते बियाणं सोडलं आणि कच्च्या पाण्याच्या नळाला कुलूप लावलं. "माह्याच घरात कुलूप?" धम्मरत्न म्हणाला. "हाव," ती म्हणाली.

दिवाळीनंतर टाकं पुन्हा गर्द झालं. प्रयोगशाळेनं नमुना तपासून खायला योग्य म्हणून कळवलं. शीलानं हिरवं फडक्यावर गाळलं, बेसनात कालवून धिरडी टाकली. घरात एकही जण हात लावेना.

"नालीचं पाणी पोटात घालू काय वं?" तानाबाई म्हणाल्या.

"त्याच दुधाचं पनीर खाता ना आई!"

तेवढ्यात पुंजाजी दारात. "काय भानगड आहे, शीला? महिना झाला, नालीचा वास येत नाई. काय सोडून राह्यले तुमी तिच्यात?"

शीलानं कपाळावर हात मारला. वास येतो म्हणून भांडण, येत नाही म्हणूनही भांडण. तिनं धिरड्याची ताटली त्यांच्या हातात दिली आणि ते कशाचं आहे तेही सांगितलं. पुंजाजींनी वास घेतला, तुकडा मोडला, चावत राहिले.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले, आणि दुसरं उचललं.

तानाबाईंना ते सहन होईना. "थांबा भाऊ! घरच्यायनं अजून चाखलं नाई अन् तुमीच सारं संपवता काय?" त्यांनी ताटली ओढून घेतली.

"तिखटही कमी हाये वं," घास गिळत त्या म्हणाल्या.

शीला तोंडातल्या तोंडात पुटपुटत पुन्हा बेसन भिजवायला बसली.