गाईची गोळी

स्वस्थ बसणं गुणवंताच्या कुंडलीतच नव्हतं. संत्र्याच्या झाडाचं एक पान पिवळं पडलं तरी हा सौंसरच्या बाजारातल्या खत-औषधांच्या चार दुकानांचे उंबरठे झिजवणार. मग बायकोला, पंचफुलाला, थायरॉइड निघाल्यावर तो गप्प कसा राहील?

डॉक्टरांनी रोज सकाळी अनशापोटी घ्यायची गोळी दिली आणि बोलता बोलता म्हणाले, थायरॉइडला सेलेनियमही थोडं लागतं, पण ते जेवणातून मिळतं. गुणवंतानं 'पण'च्या पुढचं ऐकलंच नाही. सेलेनियम हे नाव त्याच्या ओळखीचं होतं. गाय व्यायल्यावर खंगली, तेव्हा तिला दिलेल्या जाड्या गोळ्यांच्या पाकिटावर तेच लिहिलं होतं, आणि गाय महिन्याभरात तकतकीत झाली होती.

गोळ्या उरल्याच होत्या. एकीचे चार तुकडे करून त्यातला एक तो रोज दुधातून पंचफुलाला देऊ लागला. "नागपूरचं औषध हाय," म्हणाला. तीही बिचारी डोळे मिटून प्यायली.

तिचे केस आधीच गळत होते, आता पुंजक्यांनी हातात येऊ लागले. थायरॉइड वाढलं असं समजून यानं अर्धी गोळी सुरू केली. मग नखं तुटू लागली, बोटांना मुंग्या येऊ लागल्या. यानं पुरी गोळी दिली. प्रेमानंच दिली, हेच तर वाईट.

दोन महिन्यांनी तपासताना तिच्या श्वासाला लसणाचा वास आला, तसं डॉक्टरांनी विचारलं, "लसूण फार खाता का?" तिनं तर कितीतरी दिवसांत लसणाला हात लावला नव्हता. तिला तपासणीसाठी रक्त द्यायला बाहेर पाठवून त्यांनी गुणवंताला खोदून विचारलं. त्यानं खिशातलं गाईच्या गोळ्यांचं पाकीट टेबलावर ठेवलं.

"हे अंगात भिनलंय," पाकीट वाचून डॉक्टर म्हणाले. "केस यानंच गेले, तो लसणाचा वासही याचाच."

"मंग उतारा द्या ना, साहेब."

"उतारा नाही. सकाळची गोळी चालू ठेवा, हे बंद. केस येतील. बोटांचं सांगता येत नाही."

"मंग मी काय करू?"

"काहीच करू नका."

एवढं सोडून गुणवंतानं वाटेल ते केलं असतं.

बाहेर बाकावर पंचफुला डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरून बसली होती. "काय म्हणे डाक्टर?"

"हळूहळू बरं होईन म्हणे." बाकीचं त्यानं गाळलं.

"डाक्टरच्या गोळीनं काही होत नाही, अजी," ती हळूच म्हणाली. "तुमी देऊन राहिले ना, त्याच्याच भरवशावर हाव मी. आजचं औषधाचं दूध राहिलं माहं. घरी गेल्यावर आठवणीनं द्याल."