वाळूतली मेणबत्ती

त्सोन्कोचा बाप वारला ते साल १९६३. मृतांचा शनिवार आला तशी आईने त्याला बापाच्या नावाची मेणबत्ती लावायला बळेच चर्चमध्ये धाडलं.

त्सोन्को आधी मेंढ्या राखायचा, पायात धड काही नसायचं. मग कैद्यांच्या छावणीवर पहारेकरी झाला, बूट आले, हातात दंडुका आला. खाणीत दगड वाहणारा कैदी खाली बसला की त्याला उठवायचं, हे त्याचं काम. राजधानी सोफियाहून हुकूम आला, छावणी बंद झाली, तेव्हा तो गावी येऊन गोदामावर बसला. कोणी काही विचारलं नाही.

रायनाकाकू तेवढी विचारायची. तिच्या मुलाने, वेलिनने, एका लग्नात सहकारी शेतीच्या अध्यक्षावर टिंगलीचं गाणं म्हटलं, म्हणून त्याला त्याच छावणीत नेलं होतं. "दुसरीकडे हलवलाय त्याला," त्सोन्को दरवेळी सांगायचा. म्हातारी त्याच आशेवर दिवस काढत होती. जिवंतांच्या मेणबत्त्या वरच्या तबकात लावतात, मेलेल्यांच्या खाली वाळूत. वेलिनची ती नेहमी वर लावायची.

"पोट सुटलंय रे तुझं," त्या शनिवारी चर्चमध्ये तो दिसताच ती म्हणाली. "छावणीचं जेवण मानवलं."

"तिथली हवाच तशी होती, काकू."

"बरं, एवढ्या दोन लाव. हात थरथरतात माझे. एक तुझ्या काकांची, एक वेलिनची."

त्याने बापाची वाळूत खोवली. शेजारी तिच्या दोन्ही खोवल्या.

"वेलिनची कुठं लावलीस?"

त्सोन्कोने खाली पाहिलं आणि ती उपटायला हात घातला. म्हातारीने मनगट धरलं.

"राहू दे. कधी गेला?"

"चुकून लागली, काकू. बापाची लावता लावता..."

"कधी?"

मागच्या बायका जवळ सरकल्या.

"हिवाळ्यात," तो म्हणाला. "दगड टाकून खाली बसला. ऊठ म्हटलं, उठेना."

"मग?"

"मारलं."

"कोणी?"

"आम्हाला हुकूम होता."

"पुरलाय कुठं?"

"ते गाडीवाल्यांना ठाऊक."

तिने मनगट सोडलं. मृतांच्या नावाने वाटायचे उकडलेले गहू ती नवऱ्यासाठी घेऊन आली होती. ते तिने बायकांच्या हातावर घातले आणि प्रत्येकीला वेलिनचं नाव सांगितलं. सवयीने त्सोन्कोनेही हात पुढे केला होता. ती त्याला वगळून पुढे गेली.

वेलिन मेला १९६१ च्या जानेवारीत. रायनाकाकू गेली १९६४ च्या उन्हाळ्यात. त्सोन्कोवर खटला कधी झालाच नाही. तो १९८८ साली आपल्या घरी, अंथरुणात मेला.