हवा की नुसता आवडला

शनिवारी दुपारी माझ्या घरात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. चर्चमधल्या बायका, पास्टर, माझ्या नातवाचे, ऑर्लँडसचे, शाळेतले कोच आणि न बोलावता नेहमी पहिली येणारी सिस्टर अर्नेस्टीन, सगळे मांडीवर ताटल्या घेऊन टीव्हीसमोर बसलेले. कॅटफिश तळून झाला, बटरबीन्स संपत आल्या, मक्याच्या ब्रेडचा दुसरा घाणा निघाला, तरी माझ्या नातवाचं नाव काही कुणी पुकारलं नाही.

आमच्या अमेरिकन फुटबॉलचा ड्राफ्ट, म्हणजे मोठ्या टीमांनी नवी पोरं निवडायची ती रीत, तीन दिवस चालतो. गुरुवारी राजपुत्र जातात, शुक्रवारी सरदार, आणि शनिवारी उरलेसुरले. टीमची पाळी आली की ती कॉलेजातल्या एका पोराचं नाव घेते आणि तो पोरगा तिचा होतो. पोराला कुणी विचारत नाही. ऑर्लँडस शनिवारचा, हे आम्हाला ठाऊक होतं. पण सकाळीच, चौथ्या फेरीत जाणार, असं त्याचा एजंट कोर्टलँड छातीठोक सांगत होता. या कोर्टलँडचे बूट इतके चकाकायचे की आमच्या अंगणातल्या कोंबड्या त्यांच्यावर चोची मारायला धावल्या. चौथी फेरी गेली, पाचवी गेली. सहावी संपली तेव्हा तो खिडकीपाशी उभा राहून फोनमध्ये कुजबुजत होता, आणि माझी लेक लुरीन, ऑर्लँडसची आई, अंगठ्याचं नख कुरतडत होती. चाळिशी उलटली तरी बाईची सवय जात नाही.

दोष पोराचा नव्हता. ऑर्लँडस चेंडू बगलेत मारून माणसांच्या भिंतीतून पळतो. असा पळणारा आमच्या काउंटीने पाहिलेला नाही, आणि हे मी आजी म्हणून सांगत नाही. ज्यांची पोरं त्याला पकडायला गेली आणि तोंडावर आपटली, त्या बायांना विचारा. पण त्या वर्षी पळणाऱ्यांची भूक कुणालाच नव्हती. कुणाला अडवणारे आडदांड हवे होते, कुणाला लांब फेकणारा हवा होता. बाजारात आंबट माल घेऊन गेलात तर समजू शकतं, पण गोड माल घेऊन जाऊन गिऱ्हाईक पोट भरून आलेलं असलं तर काय करणार?

माझ्या मनात एकच टीम होती. नदीच्या तोंडाशी जे मोठं शहर आहे त्याची, आमची. मोटारीने दोन तासांचा रस्ता. माझा नवरा इझेल लाकडाच्या गिरणीत होता, आणि ती टीम नुसती हरायची तेव्हापासून तो तिचा. हरली की सोमवारी घरात कुणाशी बोलायचा नाही, त्यामुळे आमच्या संसारातले कितीतरी सोमवार मुके गेले. तिथं जाऊन एक मॅच बघायची त्याची इच्छा होती, ती राहून गेली. मी ठरवलं होतं, रविवारची प्रार्थना आटपली की हॅट न काढता तशीच गाडीत बसायचं, लुरीनने चालवायचं, आणि त्या मोठ्या छताखाली बसून माझ्या हातचं खाऊन वाढलेला पोरगा त्या रंगाच्या जर्सीत पळताना बघायचा. हे मी कुणापाशी बोलले नव्हते. पण वर्षभर भांडी घासताना, कपडे वाळत घालताना मी मनातल्या मनात त्या रस्त्याने जाऊन येत होते.

आणि त्याआधी नाव ऐकायचं होतं. ऑर्लँडस बिकहॅम. बिकहॅम हे इझेलचं आडनाव, लुरीनने पोराला तेच लावलं. गिरणीतल्या मुकादमाने ते कधी तोंडातून काढलं नाही. इझेलचे केस पिकले तरी तो त्याला ‘ए पोऱ्या’ म्हणायचा, आणि मुकादमाचा मुलगा वयात आल्यावर तोही तेच म्हणायला लागला. ते आडनाव एकदा साऱ्या देशाने कान देऊन ऐकावं, एवढी माझी हाव होती. मोठी आहे, मला माहीत आहे.

सातवी फेरी सुरू झाली, म्हणजे शेवटची. कोर्टलँडने मला स्वयंपाकघरात बोलावलं. माझ्याच घरात मला बोलावतो, तेही बोट वाकवून. मी त्याच्या बोटाकडे बघत राहिले तेव्हा त्याने ते खिशात घातलं आणि मला समजावून सांगितलं. उत्तरेकडच्या एका टीमचा फोन आला होता. थंड मुलूख, कॅनडाला लागून. त्यांच्या पळणाऱ्यांपैकी एकाचा पाय मोडलेला, दुसरा म्हातारा झालेला. त्यांच्या पाळ्या संपल्या होत्या, त्यामुळे त्यांना नाव पुकारता येत नव्हतं, पण शेवटपर्यंत कुणीच घेतलं नाही तर ऑर्लँडसने त्यांच्याकडे यावं, पहिल्या दिवसापासून चेंडू त्याच्या हातात देऊ, असं त्यांचं म्हणणं.

या धंद्याची रीतच अशी उलटी आहे. सातव्या फेरीत नाव आलं तर पोरगा त्या टीमला बांधला गेला, मग तिथं जागा असो नसो. नाव नाही आलं तर तो मोकळा, जिथं गरज आहे तिथं जाऊ शकतो.

“आता नाव न येण्यातच त्याचं भलं आहे, मिस वर्दिया,” कोर्टलँड म्हणाला. “देवाकडे तेच मागा.”

मी म्हटलं, बाबा, बाहेर पंचवीस माणसं माझे मासे खाऊन तेच नाव यावं म्हणून प्रार्थना करतायत. देवाने ऐकायचं कुणाचं?

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत ऑर्लँडसचा फोन वाजला आणि टीव्हीचा आवाज कुणीतरी बंद केला. फोन हॉलिस टेटचा होता. हा आमच्या टीमचा माणूस, खेडोपाडी हिंडून पोरं हेरणारा. ऑर्लँडसला बघायला तो वर्षानुवर्षं येत होता आणि प्रत्येक वेळी माझ्या टेबलाशी जेवला होता. पहिल्या खेपेला त्याने भेंडी ताटात बाजूला सारली, तर ती संपेपर्यंत मी त्याला उठू दिलं नव्हतं. तेव्हापासून तो मला वचकून असायचा. त्याचं म्हणणं, थोड्याच पाळ्यांनी आमची पाळी आहे आणि आम्ही ऑर्लँडसचं नाव घेतोय.

सिस्टर अर्नेस्टीनने दोन्ही हात वर केले. लुरीन रडायला लागली. कोर्टलँड भिंतीला टेकून मान हलवत होता, नको नको अशी. आणि माझा नातू माझ्याकडे बघत होता. मी कुणाला बोलले नव्हते म्हणाले ना? त्याला सगळं ठाऊक होतं. त्याच्या डोळ्यांत स्वतःचं काही नव्हतं. माझा रविवार होता.

“मिस्टर टेट, एक मिनिट,” तो म्हणाला. “आजीशी बोला.”

फोन माझ्या हातात आला. मी विचारलं, “हॉलिस, खरं सांग. तुम्हाला हा पोरगा हवाय, की नुसता आवडलाय?”

तो हसला. मग हसणं थांबवलं. म्हणाला, “आमच्या भिंतीवरच्या यादीत जी नावं उरलीयत त्यांत सगळ्यात वर त्याचंच आहे.”

“भिंतीवर आहे ते कळलं. मैदानावर कुठं आहे?”

मग तो जरा दबक्या आवाजात बोलायला लागला. नावं ठरवायच्या त्यांच्या खोलीत दोन पक्ष होते. एक म्हणे, भोक पडलंय तिथं ठिगळ लावा. दुसरा म्हणे, भोकं दर वर्षी जागा बदलतात, कसब बदलत नाही, म्हणून वरचं नाव घ्या आणि गरजेकडे डोळेझाक करा. साहेब दुसऱ्या पक्षाचे.

“तुमच्याकडे पळणारे किती?” मी विचारलं.

“चार.”

“चांगले?”

“दोन तर फारच चांगले, मिस वर्दिया.”

“आणि उन्हाळा संपताना तुम्ही माणसं छाटता, तेव्हा याला ठेवाल?”

त्याच्यामागे कुणीतरी घाईघाईने आकडे सांगत होतं. माणूस भला होता. खोटं बोलायला त्याला एक शब्द पुरला असता, तो त्याने उच्चारला नाही.

चर्चच्या स्वयंपाकघरात कुणी काय करायचं ते मी ठरवते. एकदा अर्नेस्टीनची भाची आली. भट्टीत भाजलेली गोड पाई तिच्यासारखी कुणाला जमायची नाही, पीचची असो की रताळ्याची. मी हौसेने तिला घेतली. पण पाई करणाऱ्या तिघी आधीच होत्या आणि त्यांतली एकही मागे सरायला तयार नव्हती. भाची बटाटे सोलत राहिली. दोन नाताळ तिने बटाटे सोलले, मग मेथॉडिस्ट पंथाच्या चर्चमध्ये निघून गेली, आणि आता त्यांच्या जेवणावळीला आमचीच माणसं चोरून जातात. चांगल्या हाताला काम नाही मिळालं की तो हात चांगला राहत नाही, नाहीतर दुसऱ्याचा होतो.

“मग त्याचं नाव घेऊ नका,” मी म्हटलं.

खोलीत कुणाच्या तरी हातातला काटा खाली पडला.

“मिस वर्दिया, तुम्ही काय म्हणताय ते तुम्हाला कळतंय ना?”

“मला वाचायला वेळ लागतो, हॉलिस. कळायला लागत नाही. तुमच्या साहेबाला सांग, पोरगा खुशीने येणार नाही.”

“मी तीन वर्षं भांडलोय त्याच्यासाठी,” तो म्हणाला.

“मग आता शेवटचं एकदा भांड,” मी म्हटलं आणि फोन ऑर्लँडसच्या हातात ठेवला.

लुरीनने मला काय काय म्हटलं ते इथं लिहीत नाही. मुलीने आईला बोलू नये असं सगळं ती बोलली, आणि त्यातलं निम्मं खरं होतं. पोरगा दोन तासांवर राहिला असता, आई. सणावाराला घरी आला असता. तुला कोणी विचारलं होतं? मी म्हटलं, त्यानेच विचारलं. पास्टर मध्ये पडायला उठले आणि तिच्याकडे बघून पुन्हा बसले.

टीव्हीचा आवाज परत मोठा केला. आमच्या टीमची पाळी आली.

हॉलिसचं कुणी ऐकलं की नाही, आम्हाला काही ठाऊक नव्हतं. टीमने मनात आणलं तर कुणाला न जुमानता नाव घेता येतं. ऑर्लँडस माझ्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसला होता. कोर्टलँडने डोळे मिटले होते. आणि मी, जिने आत्ता तोंडाने नको म्हटलं होतं, मी खुर्चीच्या हाताला घट्ट धरून मनात म्हणत होते, ऐकू नका माझं. म्हातारी बडबडली म्हणून सोडून द्या. घ्या त्याचं नाव. एकदाच घ्या, बिकहॅम म्हणा, पुढचं पुढे बघू. पडद्यावरचा माणूस चिठ्ठी उघडेपर्यंत मी तो सगळा रस्ता पुन्हा एकदा गेले, पाइनचं रान, तो पाण्यावरचा लांबलचक पूल, सगळं.

त्याने नेब्रास्काच्या एका पोराचं नाव घेतलं. अडवणारा होता.

“हा कोण बाई?” अर्नेस्टीन म्हणाली. “याला कोण ओळखतं?”

“कुणाचा तरी नातू आहे,” मी म्हटलं. “ताटली खाली ठेव आणि टाळ्या वाजव.”

तिने वाजवल्या. मग कोचनी वाजवल्या, मग सगळ्यांनी. त्या पोराच्या घरी त्या वेळी काय गोंधळ चालला असेल, कोण कुणाच्या गळ्यात पडलं असेल, ते मला डोळ्यांसमोर दिसत होतं, आणि ते बघवत नव्हतं.

शेवटचं नाव पुकारून झालं न झालं तोच उत्तरेकडून फोन आला. ऑर्लँडस अंगणात जाऊन बोलला. कोर्टलँडने पास्टरना मिठी मारली, ती त्यांना आवडली नाही. नावापायी जमलेली माणसं नाव न ऐकताच पाई खाऊन हळूहळू पांगली. लुरीन भांडी घासायला उभी राहिली, पण माझ्याशी बोलत नव्हती. मी म्हटलं, मला सवय आहे, तुझ्या बापाने मला मुके दिवस पुष्कळ दाखवलेत. तेव्हा ती हसली, आणि हसता हसता साबणाच्या हातांनी डोळे पुसायला गेली म्हणून आणखी रडली.

ऑर्लँडस आत आला. तिकडे कसं जायचं, मी विचारलं. विमानाने, तो म्हणाला. गाडीने? गाडीने रात्री मुक्काम करावा लागेल, आजी. मी विमानात बसणार नाही हे त्याला माहीत होतं.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, “तुला वाईट वाटलं?”

“वाटलं,” मी म्हटलं. “त्याचं तुला काय करायचंय? तुझ्याकडे गरम मोजे आहेत का?”

“मोजे तिकडे मिळतात, आजी.”

“तिकडे मिळतात ते तिकडच्यांच्या पायांचे. तुझे पाय मी बघितलेत. जा, माझ्या कपाटात खालच्या खणात लोकर आहे, ती आण, आणि इथं बस.”

तो लोकर घेऊन आला आणि पाय पुढे करून बसला. घोट्याला लोकर गुंडाळून मी माप घ्यायला लागले. केवढा पाय झाला होता. मी उगीचच दोनदा मोजला.